कांद्याच्या खोलीतली झोप

आई, तुझ्या घोरण्याला आजाराचं नाव आहे, हे मला तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. सिंदीच्या बाजारात वांगी-मेथी पुढ्यात मांडून बसल्या बसल्या तुझा डोळा लागायचा आणि आत्या म्हणायची, हिले कामाचा कंटाळा. पहाटे सगळ्यांआधी उठून ती भाजी तूच तोडलेली असायचीस, ते कोणी हिशेबात धरत नसे. मामाच्या मुलीच्या लग्नात बायकांनी सकाळी तुझ्या घोरण्याची नक्कल केली. तूही हसलीस, पण त्यानंतर कुठल्याच लग्नात मुक्कामाला राहिली नाहीस. घरीसुद्धा अंथरूण कांद्याच्या खोलीत नेलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "तुमची झोप काऊन मोडू?"

पुढे माझंही तसंच झालं. शिलाई मशीनवर डुलकी लागली आणि सुई बोटात गेली, तेव्हा हे घाबरले. "तुया दम झोपेत मधातच थांबते व," म्हणाले. "मी हलवलं का मंग सुरू होते." यांनीच मला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. या आजाराचे डॉक्टर तिथे नव्हते; ते मोठ्या शहरात बसून पडद्यावरून बोलायचे. एक रात्र छातीला पट्टे आणि बोटाला चिमटा लावून मला झोपवलं, त्याची नोंद कॉम्प्युटरवरून त्यांच्याकडे गेली. पुढच्या खेपेला पडद्यावर त्यांनी सांगितलं, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, शरीर पुन्हा पुन्हा दचकून उठतं, म्हणून कितीही झोपलं तरी पुरत नाही. "यात आळस नाही, बाई." आवाज तुटतो आहे असं सांगून मी ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. खरं तर पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

आता श्वासात हवा ढकलणाऱ्या मशीनचा मास्क नाकावर लावून निजते. लोडशेडिंगमुळे यांनी मशीनसाठी बॅटरी आणली. मास्कमधून हवा सुटायची, तर डॉक्टरांनी पडद्यावरून बघून दवाखान्यातल्या नर्सकडून पट्टा आवळून घेतला. पहिल्यांदा हलकं डोकं घेऊन उठले त्या सकाळी चहा ठेवला आणि चुलीपाशी तुझ्यासाठी रडले.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला होतं का. आईला, मी म्हणाले; ती आता नाही. त्या कशानं गेल्या? झोपेत. लिहून घेत ते म्हणाले, तुम्ही मास्क एकही रात्र चुकवू नका. पुढचं मी विचारलं नाही.

हे पत्र बाबांच्या हाती लागणार नाही असं ठेवीन. ते अजून आल्यागेल्याला सांगतात, "पुण्यवान होती बाई, झोपेतच गेली." माझ्याकडे बघतात. मी हो म्हणते.