हिच्याशी बोलण्यापुरतं इंग्रजी

२ जून, सोमवार
ही भावाकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, आपल्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढेही बरंच बोलली, पण मला दुकानाची घाई होती.

दिवसभर विचार केला. ही शाळेत इंग्रजी शिकवते, मी चष्म्याच्या काचा घासतो. बोलणार तरी कशावर? दोष कुणाचाच नाही. इंग्रजीचा आहे. निश्चय: इंग्रजी शिकणे. पार ग्रामरपासून.

५ जून
संध्याकाळचा क्लास लावला. सर वयाने लहान आहेत, चालायचंच. शब्दांच्या आठ जाती असतात. नाऊन म्हणजे नाम, वर्ब म्हणजे क्रियापद. अगदीच सोपं. दुकानात सराव केला. टेबल: नाऊन. ग्लास: नाऊन. गिऱ्हाईक: नाऊन. तेच गिऱ्हाईक संध्याकाळी परत आलं. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली होती म्हणे. शिकताना असं व्हायचंच.

११ जून
हिला फोन केला. उचलला नाही. पेपर तपासत असणार.

एकच शब्द कामाप्रमाणे जात बदलतो, असं सर म्हणाले. वॉटर हे नाऊन. पण कुंड्यांना वॉटर केलं, की वर्ब. फार आवडलं. उद्यापासून हिच्या कुंड्यांना रोज वॉटर करणार.

१७ जून
मेव्हणा दुकानात आला. चष्म्यासाठी नव्हे. खाली बघत म्हणाला, ताई आता परत येणार नाही, तुम्ही मनाची तयारी करा. मी त्याला विचारलं, ‘बॅक’ची जात कोणती? त्याला येईना. मग मीच समजावलं. पाठ असेल तर नाऊन, परत असेल तर अ‍ॅडव्हर्ब. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. छाप पडली. घरी जाऊन सांगेलच.

२२ जून
कुंड्या वाळल्या. अभ्यासच एवढा वाढलाय.

२९ जून, रविवार
ही आली. मेव्हणा खाली टेम्पोत बसून होता. हिने कपडे भरले, पुस्तकं भरली. 

क्लासच्या टेस्टचा पेपर टेबलावर मुद्दाम मांडून ठेवला होता. हिने तो उचलला आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. मी ‘लोनली’ला अ‍ॅडव्हर्ब लिहिलं होतं. म्हणाली, “शेवटी एल-वाय दिसलं म्हणून अ‍ॅडव्हर्ब होत नाही. शब्द कुणाबद्दल आहे ते बघायचं. माणसाबद्दल आहे, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह.” मी उदाहरण मागितलं. ते दिलं नाही.

मी घाईघाईने पुढचा शब्द विचारला. तो सांगितला. मग आणखी एक. खालून हॉर्न वाजला तरी उठली नाही. मला वाटलं, जमलं.

मग हिने विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय? मी खरं ते सांगितलं. तुझ्याशी बोलता यावं म्हणून.

हिने पेपर जागेवर ठेवला, नीट सरळ केला.

“अहो,” म्हणाली, “मी तुमच्याशी मराठीतच बोलत होते.”

टेम्पो गेला. लग्न झाल्यापासून ही काय काय बोलली असेल, ते आठवत बसलोय. एकही वाक्य पुरतं आठवत नाही.