पुंगळीची लांबी आणि माझा नाश्ता

ती. बदरुन्निसा आपा,

धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हाभाईंची साखर आणि आवाज, दोन्ही ताब्यात असावेत. मी खुशाल आहे. पत्र लिहितोय याचं नवल वाटलं असेल, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘अफशाँच्या मंगनीला येतोयस ना?’ विचारतेस आणि पुढचं बोलणं खुंटतं.

तर आपा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आठ दिवस माझा सकाळचा चहा वर्कशॉपच्या दारात उभ्यानं होतो, सप्टेंबरच्या उन्हात, रियाधहून अल खर्जकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ घेत. चहा निवतच नाही, मी मात्र शिजतो. आत चार टनांचा एसी कुणासाठी चालतो? मशीनसाठी. तिला घाम येऊ नये म्हणून.

ही मशीन म्हणजे आमच्या नेमबाजी क्लबाची लाडकी लेक. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, पण बार झाला की पितळ ताणून लांबतं. (आखातात माणूस आखडतो, पितळ लांबतं.) म्हणून पुंगळी मशीनच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत धरायची, तिचं तोंड छाटायचं आणि सगळ्या एका लांबीच्या करायच्या. छाटणारा मी, व्हर्नियर लावून मापणारा विपुल. संगमेश्वरचा पोरगा, माझ्याच खोलीत राहतो, माझ्या घोरण्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाही.

तर स्पर्धा तोंडावर आली आणि पुंगळ्यांनी दावा मांडला. मॅनेजर अबू नाएफनं दहा पुंगळ्या काचेवर उभ्या केल्या. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहावीत तशा. “रफीक! वाहिद तवील, वाहिद कसीर! लेश?” म्हणजे एक लांब, एक आखूड, असं का? आता या ‘का’ला उत्तर हवं होतं, आणि स्पर्धेआधी सुट्टी आम्हा दोघांतून एकालाच मिळणार होती. ती विपुलला मंजूर झालेली. घरचा गणपती, आई एकटी, मूर्ती आणायला दुसरं कुणी नाही. मला मंगनी गाठायची होती. मी फक्त म्हणालो, की विपुल व्हर्नियर जरा दाबून धरतो. बस्, एवढंच. (आपल्या गावात याहून कमी शब्दांत सोयरिकी मोडल्या आहेत.)

खलास! विपुलची सुट्टी मला मिळाली आणि विपुलला उन्हात निशाणांचे कागद चिकटवायला धाडलं. संध्याकाळी तो लालबुंद होऊन आला आणि म्हणतो काय, “रफीकभाई, जाऊन या तुम्ही. अफशाँला सांगा, मामाचा दोस्त पुढच्या खेपेला पेढे घेऊन येतो.” असल्या चांगुलपणाचा मला लहानपणापासून राग आहे. भांडला असता तर निदान झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी छाटणीही माझी आणि मापही माझंच. पुंगळ्या कालच्याहून वाकड्या वागल्या! मी व्हर्नियर पुसला, एसीला दोष दिला, पितळ बनवणाऱ्या देशाचा उद्धार केला. शेवटी चक उघडून दिवा धरला. आत, पुंगळीचं बूड जिथे टेकतं तिथे, एक तीळ. साधा, पांढरा तीळ, अर्धा चेपलेला. मी रोज सकाळी मशीनवर वाकून तिळाची रोटी खातो, आपा. तीळ अख्खा असला की पुंगळी पुढे सरकून जास्त छाटली जायची. चेपला की कमी. पडून गेला की बरोब्बर. दुसऱ्या दिवशी नवी रोटी, नवा तीळ. म्हणजे महिनाभर या क्लबाची नेमबाजी माझ्या नाश्त्यावर चालली होती.

मी तीळ नखानं काढला. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. फुंकर मारली असती तर विषयच मिटला असता. तेव्हापासून चहा बाहेर आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं तू ओळखशील. तू हुशार आहेस, अब्बा उगाच मला म्हणायचे.

बाकी ठीक. अफशाँला दुवा. होणाऱ्या जावयाला आत्ताच फार डोक्यावर बसवू नकोस.

तुझा,
रफीक

ता. क. मी मंगनीला येत नाहीये. हे वर लिहायचं राहून गेलं. रड, शिव्या दे, पण फोन जुम्म्यानंतर कर.

ता. क. २ : माझ्याऐवजी बॅग येईल. अफशाँचा मंगनीत घालायचा कपड्यांचा जोडा, तुझ्या गुडघ्यांचं मलम आणि खजूर. घेऊन येणारा विपुल असेल. एसटीनं वाट वाकडी करून येतोय, त्याला उपाशी सोडू नकोस. गणपतीचे दिवस आहेत, मटण करू नकोस, घावणे कर. तो ओट्यावर बसून अबू नाएफच्या दिलदारपणाचं भरभरून कौतुक करील. साहेबानं आपणहून सुट्टी परत दिली, असंच त्याला ठाऊक आहे.

ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.