सुकाणू माझ्याच हातात

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी खेळाडू. गावच्या तलावावर नवीन सेलिंग क्लब निघालाय, त्याचा मेंबर झालो. पाच छोट्या शिडाच्या बोटी आहेत, एकेकीत दोन माणसं. सेक्रेटरी सेलिना टीचर, हायस्कूलच्या रिटायर्ड पीटी टीचर. त्यांना कार ड्रायव्हिंग मीच शिकवलंय. (त्या अजून रिक्षानेच येतात, तो भाग वेगळा.)
चार जानेवारीला क्लबची शर्यत. जी जोडी जिंकेल ती फेब्रुवारीत गोव्याच्या शर्यतीत क्लबतर्फे उतरणार. म्हणजे मी आणि कॉन्स्टान्सियो. बेकरीवाला कॉन्स्टू माझा पहिलीपासूनचा दोस्त. तो शिडाची दोरी धरेल, मी सुकाणू. यावर चर्चा झाली नाही. गरजच नव्हती. 'लवू मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी अख्ख्या तालुक्याने वाचलीय.

३ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे उठून दंडाचे व्यायाम.

४ नोव्हेंबर
पहाटे फार धुकं होतं असं बायको, म्हणजे किशोरी, म्हणाली. तिला विचारलं तेव्हा साडेआठ वाजले होते.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिला धडा. बोटीला ब्रेक नसतो! डिझाइनमधला एवढा मोठा दोष इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आला नाही याचं आश्चर्य वाटलं. माझा पाय सारखा ब्रेक शोधत होता, बोट सरळ कमळांच्या पानांत. कॉन्स्टू म्हणाला, "लवू, वारो खंयसून येता तां आधी बग." त्याला समजावलं की जो वारा बघत बसतो त्याचं समोर लक्ष राहत नाही. मी ड्रायव्हर हजारांनी घडवलेत.
काठावरून सेलिना टीचर ओरडल्या, "लवू, ती बोट आसा, गाडी नाय!" त्यांच्या आवाजाने एकाग्रता भंगली, नाहीतर पानांतून निघत होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
वळताना हात दाखवायची शिस्त बोटीतही हवी, असा माझा आग्रह. दाखवला. हात सुकाणूवरून निघाला. बोट उलटली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे ती कलली होती, ती पूर्ण कलली, एवढंच.
कॉन्स्टूने एकट्याने बोट सरळ केली. त्या वेळी मी पाण्यातून मार्गदर्शन करत होतो.
रात्री किशोरी म्हणाली, कपड्यांना शेवाळाचा वास येतोय. मी म्हटलं, हा खेळाचा वास आहे. तिने बादली परसात नेऊन ठेवली.

२० नोव्हेंबर
शिडावर मोठ्या अक्षरांत जाहिरात रंगवून घेतली: 'लवू मोटार ड्रायव्हिंग स्कूल. लेडीजसाठी खास सोय.' शीड उचललं की तलावभर दिसते. सेलिना टीचर म्हणाल्या, शीड आडवं पडलं की माशांनाही वाचता येते. बाईंना विनोदबुद्धी आहे. चांगलं आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
सरावाची शर्यत. निकाल: पाचवा. पण निकाल नीट वाचायला यायला हवा. चौथ्या बोटीला मी शेवटपर्यंत नजरेच्या टप्प्यात ठेवलं होतं. पुढच्यांना मागे कोण आहे याचा सतत ताण असतो. मागच्याला तो नाही.
दुसऱ्या बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळसा घालताना कॉन्स्टू म्हणाला, "एकदा माका सुकाणू दी रे. एकदाच." हे तो गेले तीन रविवार म्हणतोय. या वेळी काठावर आल्यावर मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं. म्हटलं, "पाव भाजायला भट्टी लागते कॉन्स्टू, बोट चालवायला डोकं लागतं." लोक काय हसले! एकदम जमून आला. कॉन्स्टू हसला नाही. वाऱ्यामुळे त्याला ऐकू गेलं नसावं.

७ डिसेंबर, रविवार
कॉन्स्टू आला नाही. मैद्याची गाडी यायची होती म्हणे. रविवारी?

१४ डिसेंबर, रविवार
डोळ्यांवर विश्वास बसला नाही. कॉन्स्टू सेलिना टीचरच्या बोटीत! आणि सुकाणूवर! टीचर पुढे बसून दोरी सांभाळतायत आणि तो इकडे वळ, तिकडे वळ, जसा काही पोटातच शिकून आलाय. शिट्टीपण वाजवत होता.
घरी किशोरीला सांगितलं की पहिलीपासूनची मैत्री एका बोटीपायी विकली. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "त्येका काय बोललास तुमी?" मी म्हटलं, काही नाही, एक विनोद केला. "खंयचो विनोद?" सांगितला. तीपण हसली नाही. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की मरतो.
निर्णय: अबोला. पाव दुसऱ्या बेकरीचा.

१६ डिसेंबर
दुसऱ्या बेकरीचा पाव म्हणजे ओला पुठ्ठा. सवय होईल.

१९ डिसेंबर
झाली नाही. भाकरीवर आलोय. तब्येतीला चांगलं.

२५ डिसेंबर, गुरुवार
सकाळी कॉन्स्टूकडून नाताळचं ताट आलं. दरवर्षीसारखंच: नेवऱ्या, दोदोल, केक. यंदा नेवऱ्या जास्त. उघड आहे, मन खातंय त्याचं. निषेध म्हणून ताट परत पाठवणार होतो. पण केक एकदा कापला की परत पाठवता येत नाही.
दोदोल उत्तम.

२८ डिसेंबर, रविवार
किशोरीला बोटीत ये म्हटलं. म्हणाली, "तुमका बोटीत माझां वजन व्हया, मत नको. मी येवचंय नाय."
पण तिच्या बोलण्यातूनच कल्पना सुचली! हवं असतं ते फक्त वजनच. तांदळाचं पोतं! वाद घालत नाही, सुकाणू मागत नाही, वारा कुठून येतो ते शिकवत नाही. सेलिना टीचरना फोन केला. त्यांनी नियमांची वही आणून चाळली. मग म्हणाल्या, नियमात माणूसच पाहिजे असं लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं.
रात्रभर आनंदाने झोप नाही.

४ जानेवारी, रविवार, रात्री ९
सविस्तर लिहितो. नंतर लोक काहीही सांगतील.
पोत्याला लाइफ जॅकेट घातलं. रुबाबदार दिसत होतं. दोरी धरायला माणूस नाही म्हणून शिडाची दोरी पोत्याच्या गळ्याला पक्की बांधली. उरलेल्या दोरीचं वेटोळं माझ्या पायापाशी. काठावर गर्दी. किशोरीपण आली होती, छत्री घेऊन. शिट्टी झाली. मी निघालो. (थोडा आधी निघालो. उत्साह.)
आणि काय सांगू! समुद्राकडचा खारा वारा असा आला की शीड टम्म फुगलं, बोट नुसती उडायला लागली. चौथ्याला मागे टाकलं. तिसऱ्याला मागे टाकलं! पुढे एकच बोट शिल्लक, कॉन्स्टूची. म्हणजे माझ्या हिशेबाने एकच. टाळ्या वाजत होत्या, शिडावरची जाहिरात उन्हात झळकत होती, मी मोठमोठ्याने गात होतो. पोतंसुद्धा खूश वाटत होतं. आयुष्यात इतका हलका कधी झालो नाही.
मग वारा आणखी वाढला. अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडायची असते. ती पोत्याच्या गळ्यात. गाठ सुटेना. माझ्या गाठी पक्क्याच असतात. बोट कलली, आणि पूर्ण कलली.
पोत्याचं लाइफ जॅकेट वरच्या वर निघून तरंगायला लागलं आणि पोतं खाली चाललं. दोरीचं वेटोळं माझ्या घोट्याला बसलं होतं. मीही खाली. माझं जॅकेट वर ओढतंय, पोतं खाली, मध्ये मी, नाकापर्यंत पाणी, डोक्यावर ओलं शीड. हाक मारली. कुणाला मारली ते आठवत नाही. किशोरी म्हणते, "कॉन्स्टू" म्हणून मारली. काठापर्यंत ऐकू आली म्हणे.
कॉन्स्टू शेवटच्या बोयाला वळला होता. समोर फक्त फिनिश. त्याने बोट तिथेच फिरवली, उलटी, माझ्याकडे. सुकाणू टीचरच्या हातात दिलं आणि कपड्यांसकट पाण्यात उडी. बुडी मारून गाठ सोडवली. पोतं गेलं. मी वर आलो.
त्याच्या बोटीत चढल्यावर मी त्याला दाखवून दिलं की फिनिश त्या बाजूला होती. "गप रव मेल्या!" असा ओरडला की तलावावरची बदकं उडाली. मग हळू आवाजात म्हणाला, "पाय खंय दुकता?" घोटा हातात धरून बसला. काठ येईपर्यंत सोडला नाही त्याने. थंडीने. मीपण पाय काढून घेतला नाही. थंडीनेच. दुपारचं ऊन नुसतं भाजत होतं, पण थंडी वेगळी.
शर्यत भलत्याच बोटीने जिंकली. गोव्याला ते जाणार.
घरी आल्यावर किशोरी म्हणाली, "माझे तांदूळ खंय?" आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तांदळाचं एवढं वाईट वाटून घेऊ नये माणसाने.

६ जानेवारी
घोटा सुजलाय. लायसन्सच्या टेस्टला आलेल्या मुली विचारतात, सर, काय झालं? म्हटलं, स्पोर्ट्स इंज्युरी.
विचार केला. कॉन्स्टूला माफ करायला हरकत नाही.

८ जानेवारी, गुरुवार
माफ करायला बेकरीवर गेलो. वाटेत छोटंसं भाषण तयार केलं होतं. भट्टीचा वास आला आणि भाषण गेलं. तोंडातून निघालं, "चार पाव दी." त्याने आठ बांधले. "पाय कसो आसा?" म्हटलं, बरो आसा. पुडा उचलला, परत ठेवला. भट्टीचं जे बोललो ते विनोदाने होतं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "माका ठावक आसा. तरी लागला."
मी आठही पावांचे पैसे रोख मोजून ठेवले. हे क्वचितच होतं.
त्यानेच विचारलं, "आयतवारी येतंस? सुकाणू मी धरतलंय. तू फुडे बस."
विचार करून सांगतो म्हटलं. दारापर्यंत विचार केला. मग हो म्हटलं.

११ जानेवारी, रविवार
पुढे बसलो. दोरी धरली. सगळा वेळ तोंड बंद. बोट सरळ गेली, सरळ आली.
या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसावा.