काठावरचा सात

ऑकलंड, शनिवार

आदरणीय आईस,

सिओसायाचा सप्रेम प्रणाम. माझी प्रकृती ठीक आहे. खोकलाही बहुतांशी थांबला आहे. तुझ्या हाताचा कंप कसा आहे?

तू झाडाची साल कुटून केलेल्या कापडांची जी छायाचित्रे पाठवलीस, त्यांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आपली नक्षी शिकले. आता प्रदर्शनातील भिंतीवर हात ठेवला की तशाच सालीच्या नव्या कापडाचे चित्र उलगडत जाते. आधी ते इथल्या आपल्या चर्चमधील वडीलधाऱ्या स्त्रियांना दाखवले; त्यांना रुचले नसते, तर तुझे काम मी मागे घेणार होतो.

त्यांच्यापैकी प्रथम फुसिपाला मावशींनी हात ठेवला. लांबी कळावी म्हणून आपण काठावर जे आकडे लिहितो, ते यंत्राने फुले समजून कापडभर पेरले होते! मी शरमलो.

"अरे साया, एवढा शिकलास आणि याला मोजायला नाही शिकवलंस?" मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मग त्या भिंतीजवळ वाकल्या. "थांबा गं. हा पोट सुटलेला सात तर आपल्या सायाच्या आईच्या हातचा! राहू दे हे कापड प्रदर्शनात."

परवानगी मिळाली, आई. आकडे मी पुन्हा काठावर नेईन. वळण तुझेच राहील.

तुझा ऋणी,
सिओसाया