कुकू ओरडेपर्यंत बूच काढायचं नाही

१३ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसानं नोंद ठेवावी.
टॅमझिनचं लग्न ठरलं. दहा मे. मुलगा नेथन व्होल्स, म्हणजे टेकडीपलीकडच्या व्होल्सांचा. सफरचंदाच्या बागा, त्यांचा रस आंबवून केलेल्या सायडरची पिंपं, सगळं आजोबा-पणजोबांपासून. होणारे व्याही हेक्टर काल पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, लग्नाचं सायडर आमच्याकडून. मी म्हणालो, मुळीच नाही. लग्नात ग्लास उंचावून टोस्ट करतात, तो मुलीच्या बापाच्या पिंपातल्या सायडरनंच. सगळा पब गप्प झाला. आदरानं असावा.
या गावात मला तीसेक वर्षं झाली, तरी अजून मी ‘तो बर्टनकडचा’. वडील बर्टनला माल्टच्या कोठीवर होते. बिअरसाठी बार्लीला मोड आणून भाजायचे, तोच माल्ट. तेव्हा साधं सायडर नाहीच करायचं. सफरचंदाच्या रसात बार्लीचा माल्ट. दोन्ही घराणी एका ग्लासात. असं अजून इथे कुणाला सुचलेलं नाही. मेरियलचं म्हणणं, सुचलं असेल, पण लोकांनी स्वतःला आवरलं असेल. बायको आहे, बोलणारच.
टॅमझिन म्हणाली, डॅड, पिंपाचं राहू दे, तू त्या दिवशी उभा राहून चार शब्द नीट बोल, मला तेवढंच हवंय. पोरीला अजून लहान-मोठं कळत नाही. भाषण म्हणजे एका संध्याकाळचं काम. उद्या लिहून टाकतो.

२० ऑक्टोबर
रस काढला. यंत्र हेक्टरकडूनच आणावं लागलं. नाइलाज. ते स्वतः घेऊन आले आणि थांबले. बोलावलं नव्हतं.
स्वयंपाकघरात माल्टचं पातेलं उकळत होतं. घरभर लापशीचा वास. हेक्टरनी टोपी काढून पातेल्यात पाहिलं, टोपी परत घातली आणि विचारलं की गड्या, हा खुराक कुणाचा, घोडं पाळलंयस का.
जाताना शेडमधल्या पिंपावर थाप मारून म्हणाले, फेस ओसरला की काठोकाठ भर, बूच ठोक आणि कुकू ओरडेपर्यंत विसरून जा. चर्चला जा, बायकोशी भांड, काय हवं ते कर, पण बूच काढू नकोस. आत हवा गेली की संपलं.
इथे सगळेच हे सांगतात. सायडर कधी तयार होतं, तर म्हणे एप्रिलमध्ये कुकू ओरडला की. पक्ष्याला काय कळतं? पण पाळू. आपल्याला कुठे घाई आहे.
भाषण : उद्या.

२९ ऑक्टोबर
फेस. तपकिरी. पिंपातून जमिनीवर, जमिनीवरून मेरियलच्या सायकलवर. जोम आहे.

१६ नोव्हेंबर
फेस ओसरला. पिंप काठोकाठ भरलं, बूच ठोकलं. निश्चय : आता एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. मी तसा संयमी माणूस आहे. विमा कंपनीत लोक मला त्यासाठीच ओळखायचे.

१७ नोव्हेंबर
बूच काढलं. फक्त नीट बसलंय का ते बघायला. काढलंच आहे तर ग्लासभर चाखलं. ओल्या बिस्किटाची चव. लक्षणं उत्तम.

१८ नोव्हेंबर
कालची चव आज आठवेना. पुन्हा पाहावी लागली.

३० नोव्हेंबर
टॅमझिन नोकरीच्या गावाहून सुट्टीला घरी आली होती. लग्नाच्या ड्रेससाठी कापडाचे तीन तुकडे. शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, डॅड, हे बघ ना. मी बूच हातात धरून होतो, म्हटलं, पाचच मिनिटं. बाहेर आलो तर ती गेलेली. मेरियल म्हणाली, पाऊण तास थांबली होती. तिघांतलं कुठलं निवडलं विचारलं, तर म्हणाली, लग्नात दिसेलच तुला.
भाषणाला सुरुवात केली. ‘मित्रहो’ इथवर आलो.

२२ डिसेंबर
बूच दिवसातून एकदाच काढतो. फार तर दोनदा. मुख्य म्हणजे काढताना अजिबात धक्का देत नाही. हेक्टरचा नियम धसमुसळ्या लोकांसाठी असणार.
पिंप थोडं उतरलंय. बाष्पीभवन. मेरियल म्हणाली, या थंडीत? मी म्हणालो, लाकूड जुनं आहे. ती म्हणाली, पिणाराही.

१७ जानेवारी
आज व्होल्सांच्या बागेत वॉसेल. गावातला प्रत्येक जण आपल्याकडचं सायडर आणतो, सगळ्यात जुन्या झाडाच्या मुळाशी ओततो, त्यात बुडवलेले पावाचे टोस्ट फांद्यांना टांगतो. ते रॉबिन पक्ष्यांसाठी, तेच झाडाचे राखणदार. मग बंदुकांचे बार, पातेली बडवणं, ओरडाओरडा. झाड जागं होतं आणि वर्षभर फळतं म्हणतात.
लोक छोटे कप घेऊन आले होते. मी मोठा जग भरून नेला. हेक्टरनी जगाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, हे कुठून काढलंस? मी म्हणालो, पिंपातून, आणखी कुठून. ते म्हणाले, अरेरे. झाडाबद्दल म्हणाले असतील.

१८ जानेवारी
सकाळी सहज बागेवरून गेलो. रॉबिननी सगळ्यांचे टोस्ट खाल्लेत. माझा तेवढा जसाच्या तसा लटकतोय. पक्षी जुन्या वळणाचे. नवं काही लगेच रुचत नाही.

९ फेब्रुवारी
पिंपात वरती पांढरी साय धरली आहे! जाड, गुळगुळीत. इतकं कसदार झालंय. व्होल्सांच्या पिंपात साय धरल्याचं कधी ऐकलं नाही.
चमच्यानं साय काढून बघितली. रात्री पोटात दुखलं, पण ते कोबीमुळे.

२ मार्च
टॅमझिनचा फोन. विचारलं, डॅड, भाषण झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा. तिला शेडमधल्या सायीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, मी मे महिन्यात तिकडे राहायला जाणार आहे, माहितीय ना तुला? अर्थात माहीत आहे. टेकडीपलीकडेच तर. हे काय सांगायचं.
फोननंतर बूच काढून बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा.

२३ मार्च
मेरियलनं दोन जग मागितले. आपणहून! अखेर घरातून मागणी आली. विचारलं, कोण पिणार आहे? ती म्हणाली, कांदे. कांद्याचा एखादा पदार्थ असावा. पुस्तकातले मोठे स्वयंपाकी नाही का, वाइन घालून शिजवतात.

६ एप्रिल
निश्चय : आजपासून कुकू ओरडेपर्यंत शेडमध्ये पाऊलही टाकायचं नाही. किल्ली मेरियलकडे दिली.
दुपारी मेरियल दुकानात गेली. खिडकीतून गेलो. पाठ धरली.

२४ एप्रिल
सकाळी हेक्टरचा फोन, कुकू ओरडला. मला अजून ऐकू आलेला नाही, पण आमच्या बाजूला उशिराच येतो. ते अर्ध्या तासात हजर. बूच काढलं, ग्लास भरून दिला. हेक्टरनी वास घेतला. एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. व्याही असूनही माणूस भावनाशील आहे.
संध्याकाळी त्यांची गाडी गावच्या हॉलमागे दिसली. ताडपत्रीखाली एक पिंप उतरवत होते. मला बघून म्हणाले, हाताशी असू दे रे, पाहुणे फार आहेत.
तेही खरंच. पाहुणे फार आहेत.

९ मे
व्हिनेगर आहे.
लिहिलं एकदाचं. टॅमझिनचा ड्रेस दारामागे लटकतोय, तो बघायला गेलो, हातात ग्लास होता, आणि एक घोट घेतला तर दात आंबले. आज कळलं असं नाही. साय धरली तेव्हाच आत कुठेतरी कळलं होतं. पण बूच काढून बघायचं सोडलं असतं तर दिवसभर करायचं काय? घरात बसलं की खोक्यांचा आवाज. जानेवारीपासून सुट्टीला येऊन पोरगी सामान बांधतेय.
मेरियलला सांगितलं. ती म्हणाली, मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू तिथे असलास की निदान इकडे येऊन खोकी उघडून बघत नव्हतास.
भाषण : ‘मित्रहो’.

१० मे, शनिवार
लग्न झालं. तिघांतलं ते सगळ्यात साधं कापड. फार शोभत होतं.
टोस्ट हेक्टरच्या पिंपातल्या सायडरनं. उत्तम होतं. दोन ग्लास घेतले.
बोलायला उभा राहिलो. ‘मित्रहो’ म्हणालो. टॅमझिननं वर पाहिलं. कागदावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी म्हणालो, ही लहान असताना शेडच्या दारात बसून विचारायची, डॅड, झालं का? मी म्हणायचो, पाच मिनिटं. आज झालं, आणि मला आणखी पाच मिनिटं हवी आहेत. मग बसलो. चार शब्दांपेक्षा जास्त झालं. टॅमझिन उठून माझ्याकडे आली. पुढचं लिहीत नाही.
जेवणात चीज, हॅम, पाव आणि मेरियलनं मुरवलेले कांदे. बरण्या ओळखीच्या वाटल्या. हेक्टरनी तिसऱ्यांदा कांदे घेतले आणि विचारलं, वहिनी, यातलं व्हिनेगर कुठलं? सफरचंद लागतंय आणि मागाहून बार्लीसुद्धा. मेरियलनं माझ्याकडे बोट केलं. हेक्टर म्हणाले, गड्या, पुढच्या हिवाळ्यात आमच्यासाठीही एक पिंप असंच बिघडव.
म्हणजे कल्पना बरोबरच होती.

११ मे, रविवार
कुकू ओरडला. अगदी मागच्या कुंपणावर. शेडमध्ये गेलो. पिंप रिकामं, उरलंसुरलं व्हिनेगर मेरियलनं बाटल्यांत भरून ठेवलंय, बूच खाली पडलेलं. परत आलो.
घर शांत आहे. टॅमझिनच्या खोलीचं दार उघडून बघितलं. भिंतीवर फोटोंचे चौकोन. बंद केलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. मग फोन केला, छत्री राहिली का विचारायला. मग पुन्हा केला, छत्री सापडली हे सांगायला.
मेरियल म्हणाली, क्लाइव्ह, आता ते बूच काढू नकोस. मुरू दे त्यांना.
तिचं बरोबर आहे. निश्चय : पुढच्या रविवारपर्यंत फोन करायचा नाही. मी तसा संयमी माणूस आहे.

दुपारी ४
केला. नीट बसलीत का ते बघायला, एवढंच.