सहा पेट्या आणि हाइडचा माळ

२३ मे
सफरचंदाच्या झाडावर मधमाश्यांचा बेवारस थवा उतरला. सहावी पेटी फुकटात! नियमाप्रमाणे परका थवा तीन रात्री अंधाऱ्या तळघरात कोंडायचा. बरोबर आणलेला मध त्या तिथेच खाऊन संपवतात, मग त्यातले रोगाचे जीवाणू नव्या पोळ्यात जात नाहीत. कोंडला.

२४ मे
तळघरातून रात्रभर गुणगुण. आल्मुट म्हणाली, "हे घर आहे की तुरुंग?" बायकोचं मन मोडू नये. शिवाय माश्या चांगल्या घरातल्या दिसतात. एक रात्र पुरे. सहाव्या पेटीत सोडल्या.

११ जून
ऑगस्टमध्ये हाइडची रानझुडपं फुलून माळ जांभळा होईल, तेव्हा मधासाठी सहाही पेट्या तिकडे. जुन्या मेंढवाड्यामागची जागा सासऱ्यांच्या वेळेपासून आमची. शेजारीण इमके राबेलर टपून आहे. म्हणाली, "यंदा नाही आलास ना गेरोल्ड, तर माझ्या पेट्या तिथे बसल्याच समज." म्हटलं, स्वप्नं बघ.
निश्चय: दर रविवारी पेट्या उघडून तपासणी.

७ जुलै
दोन रविवार पाऊस. एक रविवार पावसाची शक्यता. आज उघडल्या. सहाव्या पेटीत अळ्यांवरची झाकणं खचलेली, काहींना भोकं. उन्हाळा फार आहे.

१५ जुलै
काडीची टेस्ट केली. आगपेटीची काडी खचलेल्या घरात खुपसून हळूच ओढायची. तपकिरी चिकट तार आली, तर अळ्या कुजल्यात.
तार आली.
हल्ली काड्या फार वाईट येतात. दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. तार आणखी लांब आली.

१९ जुलै
आल्मुट म्हणते, सहाव्या पेटीला सरसासारखा वास येतो. मला येत नाही. मला सर्दी आहे.

२८ जुलै
माळावर पेट्या न्यायच्या, तर सरकारी पशुवैद्यांचा दाखला लागतो. परवा-तेरवा डॉक्टर लोझेबाई येणार.
प्लॅन: सहावी पेटी शेडमागे, वर ताडपत्री. खोटं बोलणार नाही. फक्त विषय काढणार नाही.

३१ जुलै
आल्या आल्या बाई म्हणाल्या, "टीडेमानसाहेब, त्या ताडपत्रीत माश्या कशाला ये-जा करतायत?" म्हटलं, हौशी आहेत. त्यांनी ताडपत्री उचलली. काडी काढली. मग बाकीच्या पाच पेट्याही उघडल्या. पाचांतही तीच तार. काडी त्यांची स्वतःची होती.
नमुने लॅबला गेले. लॅबवर माझा विश्वास आहे.

९ ऑगस्ट
लॅबवरचा विश्वास उडाला. गावाभोवती बंदी: एकही पेटी आत नाही, बाहेर नाही. इमकेच्या धडधाकट पेट्याही अडकल्या. तिचा ट्रेलर परवापासून धुऊन तयार उभा आहे.
कुंपणावरून तिने विचारलं, "तो थवा तळघरात किती रात्री ठेवलास रे?"
म्हटलं, पुरेशा.
"एक," स्वयंपाकघरातून आल्मुट ओरडली.
आत जाऊन म्हटलं, तुरुंग कोण म्हणालं होतं? तर म्हणे, "अरे बाबा, मी माश्यांबद्दल नव्हते बोलत. स्वतःबद्दल बोलत होते."

१४ ऑगस्ट
सगळ्या पेट्या जाळायचा सरकारी हुकूम. खड्डा मी खणला. लोझेबाईंना सुचवून पाहिलं की निदान दोन पेट्या तरी ठेवू, मी नीट लक्ष देईन. बाई म्हणाल्या, "दिलंत तेवढं बास."
संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारं बंद केली. गंधकाचा धूर दिला. मग पेट्या, पोळी, चौकटी, सगळं खड्ड्यात जाळलं. इमके फावडं घेऊन मदतीला आली. माझ्याबरोबर माती लोटली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मातीचा ढीग पाहिला. सर्दी बरी झाली आहे. वास येतो.

१५ ऑगस्ट
माळ फुलला म्हणतात.
सकाळी बागेत गेलो. काल कुठेतरी फुलातच मुक्काम केलेल्या पाच-सात माश्या परतल्या होत्या. पेट्या होत्या त्या जागी हवेत दार शोधत होत्या. बराच वेळ. मग थकून माझ्या टोपीवर बसल्या.
आल्मुटने खिडकीतून हाक मारली, "कॉफी गार होतेय, आत ये."
म्हटलं, हलायला बंदी आहे.