नऊ पिनांची केबल आणि आमचा कूम

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मधाचा सण, सकाळी चर्चमध्ये मधाची बरणी पवित्र करून घेतली, ती बगलेत धरूनच इस्पितळात गेलो आणि व्यायामाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आतले चार-पाच सुटे भाग पुऱ्यांसारखे फुगले होते. मेला. मी टोपी काढली.

बायोफीडबॅकचं यंत्र मात्र जिवंत आहे. करडी पेटी, तीन वायरी. वायरी हातावर चिकटवायच्या. स्नायूनं जरा जरी जोर लावला की पडद्यावर रेघ वर चढते आणि रुग्णाला आपला हात जागा होताना डोळ्यांनी दिसतो. पण पेटीला पडदा नाही, तो कॉम्प्युटरचा लागतो.

घाई आहे ती पेना आजीची. वय एकाहत्तर, अर्धांगानं उजवा हात गेलेला. तिला बाकी काही नको, अंगठा आणि दोन बोटं जुळून क्रुसाची खूण करता आली पाहिजे. डाव्या हातानं करत नाही. देव समजून घेईल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "तो घेईल रे. मला लाज वाटते त्याचं काय?" ७ मार्चला तिचे इथले दिवस संपतात.

मुख्य डॉक्टर गेर्गिनोवा बाई म्हणाल्या, बाहेरून कुणाला तरी बोलावू. मी म्हणालो, कशाला? इथली यंत्रं मीच सांभाळतो ना? पेटीला मागे नऊ पिनांचं पोर्ट, नव्या लॅपटॉपला यूएसबी, मध्ये एक केबल. बुधवारी तयार.

संकल्प: बुधवारपर्यंत यंत्र. कमी बोलणं. मध पुरवून खाणं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केबल अजून यायची आहे. हा माझा उशीर नव्हे, टपालाचा.

कालिना (आमची व्यायाम घेणारी, जीभ तिखट) म्हणाली, "स्तामेन काका, प्रोदानला का नाही बोलवत? गावातल्या सगळ्या दुकानांची बिलाची यंत्रं तोच दुरुस्त करतो. असल्या केबली त्याच्याकडे लसणाच्या माळांसारख्या टांगल्यात."

मी म्हणालो, त्याला त्रास कशाला.

प्रोदान आमचा कूम, म्हणजे लग्नातला धर्मसाक्षी. आमच्या लग्नात मेणबत्ती धरून मागे उभा राहिला, मुलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातात घेतलं. गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत, जेवणाच्या लांब टेबलावर, चाळीस माणसांदेखत म्हणाला की मी भजनात सूर लावला की मेणबत्त्या आपणहून विझतात. लोक हसले. पाद्रीसुद्धा हसले, दाढीत.

माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. मी त्याला मनातल्या मनात अकरा वेळा माफ केलं आहे. हे त्याला कळलं नसेल तर तो माझा दोष नव्हे.

मध निम्मा संपला. थंडी फार आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केबल आली. जोडली. पडद्यावर: उपकरण सापडले नाही.

लॅपटॉपनं केबलला चौदा नंबरचं पोर्ट दिलंय. पेटीचा प्रोग्राम फक्त एक ते चार ओळखतो. म्हाताऱ्याला चारच्या पुढे मोजता येत नाही. आमच्या गावच्या शाळेतही चारच इयत्ता होत्या, पण मी पुढे शिकलो.

आज द्राक्षवेली छाटायचा दिवस, वेलींच्या संताचा सण. शेजाऱ्यानं नवी वाईन आणून दिली. ती नाकारणं म्हणजे संताचा अपमान. त्यामुळे आज इथेच थांबतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी ३.१०

झालं!

चौदाचा दोन करता येतो. लॅपटॉपच्या आत, सेटिंगच्या मागे आणखी एक सेटिंग आहे, तिथे. पाच दिवस शोधलं. कुणालाही विचारलं नाही. रेघ पडद्यावर धावू लागली तेव्हा मी एकटाच होतो आणि उभा राहून एक स्तोत्र म्हटलं. सूर उत्तम लागला. इथे मेणबत्त्या नव्हत्या, त्यामुळे पुरावा नाही.

उद्या पेना आजी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

असा दिवस मी नोकरीत पाहिला नाही. आजीच्या हाताला वायरी चिकटवल्या, म्हणालो, बोटं जुळवायचा प्रयत्न कर. रेघेनं जी उसळी मारली! पर्वत. एकामागून एक पर्वत. आजी म्हणाली, "पण बोट हललं नाही रे बाळा." मी समजावलं की आधी स्नायू जागा होतो, बोटाला मागाहून कळतं. ती रडली. म्हणाली, ईस्टरला आता सगळ्यांबरोबर खूण करीन. मीही जरा खिडकीबाहेर पाहिलं.

बाईंना सांगितलं. पाद्रींना सांगितलं. जरा मोठ्यानं बोललो असेन. प्रोदानची बायको मेणबत्त्या विकत तिथेच उभी होती, तो योगायोग.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला नको होतं, पण खरं लिहायचं असं ठरवलंय.

कालिना म्हणाली, "काका, आजी हात सैल सोडते तेव्हाही पर्वत येतात. झोप लागली तेव्हाही आले." मी म्हणालो, स्वप्नात खूण करत असेल. तिनं स्वयंपाकघरातून आंबवलेल्या कोबीचा एक अख्खा गड्डा आणला, टेबलावर ठेवला आणि त्याला वायरी चिकटवल्या.

तेच पर्वत. उलट, थोडे उंच.

कालिना कोबीला म्हणाली, "शाबास, आता बोटं जुळव."

आजी खुर्चीत बसून बघत होती. आधी हसली, चांगली पोट धरून हसली. मग हसू थांबलं आणि तिनं आपला उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला, परक्याची वस्तू ठेवावी तसा. विचारलं, "म्हणजे माझं काहीच नव्हतं का त्यात?"

मी म्हणालो, तांत्रिक बाब आहे, परवापर्यंत होईल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

करून पाहिलेलं: नवी चिकटपट्टी. पेटीला चॉकलेटची चांदी गुंडाळणं. केबल सरळ ठेवणं. केबल गुंडाळून ठेवणं. पेटीच्या झाकणावर पवित्र पाण्याचे दोन थेंब, वायरींपासून लांब, कारण श्रद्धा असली तरी वीज वीज आहे.

रेघ जशीच्या तशी उसळते. लॅपटॉप बिघडू नये म्हणून मी त्याचा चार्जर रात्रंदिवस लावून ठेवतो. काळजी घेण्यात मी कमी पडलेलो नाही.

गेर्गिनोवा बाई म्हणाल्या, सात तारखेनंतर पेटी भंगारात. आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं.

दोब्रिनानं (बायको) रात्रीच्या जेवणाला चीज वाढताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "रविवारी माफीचा दिवस. कूमकडे जायचं ना?"

याचा मी शांतपणे विचार केला. उपवास सुरू होण्याआधीच्या या रविवारी धाकट्यानं मोठ्याकडे जायचं, वाकायचं, हाताला ओठ लावायचे, माफ कर म्हणायचं. मी प्रोदानपेक्षा अठरा महिन्यांनी मोठा. म्हणजे यायचं त्यानं. आता, कूम मात्र वयानं कितीही असला तरी मोठाच, म्हणजे जायचं मी. दोन नियम एकमेकांना कापतात. त्यामुळे कुणीच कुणाकडे न गेलं तरी चालेल. तरीपण तो आला तर मी दार उघडीन.

दोब्रिना म्हणाली, "वीस वर्षं जातोय आपण त्याच्याकडे. तेव्हा तू लहान होतास वाटतं?"

१ मार्च, शनिवार

आज सगळ्यांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा. पेना आजीनं तो उजव्या मनगटावर बांधून मागितला. मी बांधला. म्हणाली, "या हाताला कळू दे, वसंत आला ते." मग हळूच, "स्तामेन, पेटी नाही झाली तर नाही झाली. तू चेहरा असा नको करूस."

कसा चेहरा? माझा चेहरा प्रसन्न होता.

प्रोदान उद्या नक्की येईल. आला की मी बोलता बोलता पेटीचा विषय काढीन, म्हणजे मदत मागितल्यासारखं होणार नाही.

२ मार्च, रविवार

दुपारी २. कोट-टाय घालून बसलोय. टेबलावर हलवा, अक्रोड, दोन पेले.

४ वाजता. कुणी नाही. रस्त्यावर चिखल आहे, जपून येत असेल.

५.३०. दोब्रिना उठली, शाल घेतली, टेबलावरचा हलवा उचलला आणि म्हणाली, "मी चालले कूमकडे. तू वयानं मोठा आहेस, बस." गेली. हलव्यासकट.

८. परत आली. म्हणे, प्रोदाननं रिवाजाप्रमाणे छताला दोऱ्यानं हलव्याचा घट्ट तुकडा टांगला होता आणि सगळे हात मागे बांधून तोंडानं पकडत होते. प्रोदाननंच पहिल्या झेपेत पकडला. माझ्याबद्दल विचारलं का, असं मी विचारलं. विचारलं, म्हणाली. काय? "म्हणाला, स्तामेन बरा आहे ना, आजारी नाही ना."

हे टोमणा मारल्यासारखं वाटतं. की नाही? ठरवता येत नाही.

३ मार्च, सोमवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी, झेंडे. उपवास सुरू. दुपारी फिरायला निघालो आणि पाय कसे कोण जाणे प्रोदानच्या गल्लीकडे वळले. त्याच्या फाटकापर्यंत गेलो. कुत्रा भुंकला. कुत्र्याला त्रास देणं बरं नाही, म्हणून परतलो.

संध्याकाळी प्रार्थनेला उभा राहिलो. नेहमीप्रमाणे हात कपाळाकडे नेला आणि बोटं आपोआप जुळली. तीन बोटं, काही कष्ट न घेता. एकोणपन्नास वर्षं जुळताहेत, कधी लक्षच गेलं नव्हतं. प्रार्थना तिथेच सोडली. बसून राहिलो.

५ मार्च, बुधवार

यंत्र चालू झालं.

आधी तेवढंच लिहून वही मिटणार होतो. पण पूर्ण लिहितो.

आज अकरा वाजता प्रोदान इस्पितळात आला, पेटीकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं, चौदाचा दोन केलेला पाहिला, म्हणाला, "हे तू केलंस? चांगलं केलंस." मग वाकून लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला. पर्वत एका क्षणात सपाट. "बॅटरीवर चालव. भिंतीतल्या विजेची घरघर होती ती. चार्जरमधून आत येत होती."

मी विचारलं, एवढंच?

"एवढंच. माझं निम्मं आयुष्य असल्या प्लगांत गेलं."

कालिना भिंतीकडे तोंड करून हसली.

मग आजीला वायरी लावल्या. रेघ सपाट. ती दात आवळून हाताकडे बघत राहिली, पुष्कळ वेळ. शेवटी रेघ हलली, मसुरीच्या दाण्याएवढी. तिनं हात सोडला, रेघ बसली. पुन्हा जोर लावला, पुन्हा मसूर. "हे माझं?" तिनं विचारलं. प्रोदान म्हणाला, "तुझंच, आजी. दुसऱ्या कुणाचं नाही." शुक्रवारपर्यंत दिवसातून तीनदा बसणार आहे. ईस्टरला सहा आठवडे आहेत. बाईंनी पेटीवरचा भंगाराचा कागद काढला आणि आजीला आणखी एक आठवडा मिळतो का ते विचारायला गेल्या. अंगठा अजून कुठेच पोचलेला नाही. मी काही वचन दिलं नाही.

आता राहिलं ते.

काल चार वाजता प्रोदानच्या घरी गेलो. नव्हता. बाजारातल्या किराणा दुकानात बिलाचं यंत्र बंद पडलं, तिथे गेलाय असं कळलं. तिथून घरी परतायला उत्तम कारण होतं, पण मी दुकानात गेलो. आठ-दहा बायका रांगेत उभ्या, सगळ्या वैतागलेल्या. काउंटरखालून नुसते दोन बूट बाहेर आलेले.

मी बुटांना म्हणालो, कूम, माफ कर.

आतून, "कोण तडमडलं? जोरात बोल, फ्रीज घुमतोय."

पुन्हा म्हणालो. रांगेतली एक बाई म्हणाली, "अहो, रविवार होऊन गेला." दुसरी म्हणाली, "बोलू दे गं, काही जण मंगळवारी जागे होतात." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा, भजनात लावतो तोच आवाज लागला. माफ कर, जत्रेपासून रुसलोय, तू खरं बोलला होतास. सगळ्या दुकानानं ऐकलं.

मग तो म्हणाला, "देव माफ करो, कूम. मलाही कर, ते जेवणाच्या टेबलावर बोलायला नको होतं." आणि लगेच, "तो चपटा स्क्रूड्रायव्हर दे इकडे, बाया मारतील मला."

काउंटरखालून हात बाहेर आला, काळा, तेलकट. एवढ्या खाली पोचायला मला गुडघे टेकावे लागले. टेकले. त्या हाताला आधी ओठ लावले, मग त्यात स्क्रूड्रायव्हर ठेवला.